बिस्पोंचा झगा आणि आपल्या चाळीतली भिंत



गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली, मंडळी चपला शोधू लागली आणि एक भगिनी मात्र विहाराच्या कठड्याशी तशाच उभ्या राहिल्या. ओळखीच्या आहेत. चार घरच्या पोळ्या लाटून संसार चालवतात. म्हणाल्या, "गुरुजी, जरा थांबता का? भावाचं बोलायचं होतं."

भाऊ मला माहीत आहे. पस्तिशीचा असेल. बारावी होऊन कुरियरच्या नोकरीला लागला होता. सहा-सात वर्षांपूर्वी त्याला कानात आवाज येऊ लागले. रात्र रात्र झोप नाही, सगळे आपल्यावरच नजर ठेवून आहेत असे त्याला वाटू लागले, नोकरी गेली. औषध कधी चालू, कधी बंद. गेली दोन वर्षे तो चित्रे काढतो. खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढतो, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढतो, आणि काहीच हाताशी नसले तर जिन्याच्या भिंतीवर विटेच्या तुकड्याने काढतो. माणसांच्या रांगा असतात. प्रत्येकाच्या छातीवर एक आकडा.

तो असा भिंतीपुढे बसलेला असताना वस्तीतल्याच दोन पोरांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला, त्याला 'पागल पेंटर' असे नाव दिले आणि दिला सोडून. दोन दिवसांत हजारो लोकांनी तो पाहिला. कोणी हसले. कोणी हात जोडल्याची चिन्हे टाकली. कोणी लिहिले की खरा कलाकार हाच. एकाने तर चित्राचा भावही विचारला.

भगिनी म्हणाल्या, "लोक नुसते वाईट बोलले असते तर मी भांडले असते गुरुजी. पण चांगलं बोलणारेही पुष्कळ आहेत. तो मात्र त्या दिवसापासून भिंतीकडं बघत नाही. मी काय करू? चित्रं काढू देऊ का बंद करायला सांगू? आणि ती पोरं म्हणतात, आम्ही त्याला फेमस केला, आमचं काय चुकलं?"

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. विचार करून सांगतो म्हणालो. हा लेख म्हणजे तो विचार आहे. त्यासाठी वाचकांना जरा लांब, ब्राझील देशात न्यावे लागणार आहे. कारण असाच एक माणूस तिथे कित्येक वर्षे वेड्यांच्या इस्पितळात राहिला आणि त्याच्याशी जग कसे वागले, हे कळल्यावाचून या भगिनीला मी काय सांगणार?

त्या माणसाचे नाव आर्थर बिस्पो दो रोझारिओ. जन्म १९०९ च्या सुमारास, ब्राझीलच्या ईशान्येकडील सर्जिपे राज्यातल्या जपरातुबा गावी. कृष्णवर्णीय. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी, अमेरिका खंडातल्या सगळ्या देशांच्या शेवटी. म्हणजे बिस्पो जन्मले तेव्हा त्यांच्या अवतीभवतीची म्हातारी माणसे स्वतः गुलाम म्हणून राबलेली होती. कायदा झाला, पण जमीन नाही, शिक्षण नाही, मोबदला नाही. कागदावर माणूस मोकळा आणि पोट मात्र जुन्याच मालकाच्या दारात. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

पोरवयात बिस्पो नौदलात गेले. तिथे मुष्टियोद्धा म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे रिओ द जानेरो शहरात वीज आणि ट्राम चालवणाऱ्या कंपनीत कामगार होते. ते सुटल्यावर एका वकिलाच्या घरी पडेल ते काम करून राहू लागले. १९३८ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, रात्री त्यांना देवदूत दिसले. ते घराबाहेर पडले, चर्चमागून चर्च हिंडले आणि एका मठात जाऊन सांगितले की जगाचा न्यायनिवाडा करायला मी आलो आहे. त्यांना धरून वेड्यांच्या इस्पितळात पाठवले. छिन्नमनस्कता, म्हणजे डॉक्टर ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, तो आजार ठरला. १९३९ च्या सुरुवातीला त्यांची रवानगी शहराबाहेरच्या 'कोलोनिया जुलिआनो मोरेरा' या प्रचंड मनोरुग्ण वसाहतीत झाली. मधली काही वर्षे ते बाहेर राहिले, पुन्हा आत आले. ५ जुलै १९८९ रोजी वारले ते तिथेच.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या जुलिआनो मोरेरा यांचे नाव त्या वसाहतीला आहे, ते स्वतः कृष्णवर्णीय डॉक्टर होते. लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या आईचा हा मुलगा १८९१ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडला आणि १९०३ ते १९३० देशाच्या मुख्य मनोरुग्णालयाचा प्रमुख होता. काळ्या लोकांच्या रक्तातच वेड असते, वंशांची सरमिसळ झाली की डोके बिघडते, असे त्या काळचे मोठमोठे विद्वान छातीठोकपणे सांगत. मोरेरा यांनी त्यांना विरोध केला. कारण रक्तात नाही, दारिद्र्यात, रोगराईत, दारूत आणि अज्ञानात आहे, असे त्यांचे म्हणणे. रुग्णांना जखडणारे झगे आणि खिडक्यांचे गज त्यांनी काढायला लावले. अशा माणसाच्या नावाच्या वसाहतीत पुढे हजारो माणसे कोंडली गेली आणि त्यांत गरीब व कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा होता. पुतळ्याला हार घालायचा आणि शिकवण गुंडाळून ठेवायची, ही पद्धत फक्त आपल्याकडेच आहे असे नाही!

तर या वसाहतीत बिस्पोंनी काय केले? त्यांना आवाज येत. आवाज सांगे की पृथ्वीवर जे जे आहे त्याची नोंद कर, शेवटच्या दिवशी देवापुढे ती मांडायची आहे. नोंद करायची तर साहित्य हवे. कागद नाही, रंग नाही, पैसा तर नाहीच. मग त्यांनी रुग्णांना मिळणारे निळे कपडे उसवून त्यांतून दोरा काढला. त्या दोऱ्याने चादरींवर भरतकाम केले. जहाजे भरली, नकाशे भरले, रस्त्यांची नावे, माणसांची नावे, देशांची नावे भरली. इस्पितळात जेवायला मिळणारे पत्र्याचे मग, चमचे, फाटक्या सपाता, कंगवे, बाटल्या हे सगळे फळ्यांवर ओळीने मांडून बांधले. नौदलात पाहिलेली जहाजे लाकूड आणि चिंध्यांतून पुन्हा उभी केली. अशा आठशेच्या आसपास वस्तू त्यांच्या मागे राहिल्या.

सुताची गोष्ट निघाली की गिरणगावातल्या माणसाला आपले घरचे आठवते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण धोट्यातून सूत ओढताना त्याला तोंड लावावे लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात पाऊल ठेवू देत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रोखठोक मांडला होता. सूत तेच, पण कोणी कुठल्या सुताला हात लावायचा हे ठरलेले! बिस्पोंनी तर कैद्यासारखा अंगावर चढवलेला कपडाच उसवला.

त्यांचे सगळ्यांत मोठे काम म्हणजे एक झगा. इस्पितळातल्या घोंगडीचा केलेला. देवापुढे उभे राहायचे त्या दिवशी अंगावर घालायचा म्हणून. बाहेरून पाहिले तर रंगीत दोऱ्यांनी भरलेली चित्रे, आकडे, गोफ, झुपके. राजालाही मिळू नये असा! पण मला त्याची आतली बाजू जास्त मोलाची वाटते. आत, अंगाला लागणाऱ्या बाजूला, त्यांनी माणसांची नावे भरली आहेत. ज्यांना आपल्याबरोबर तारून न्यायचे त्यांची. त्यांत बायकांची नावे पुष्कळ. स्वतः ज्याला जगाने नाव-गाव-कागदपत्र नसलेला म्हणून आत टाकले, तो माणूस दुसऱ्यांची नावे विसरू नयेत म्हणून दोऱ्याने शिवून ठेवत होता.

आणि त्यांच्या खोलीत कोणालाही मुक्त प्रवेश नव्हता बरे का! दारात ते स्वतः उभे राहत आणि येणाऱ्याला विचारत, माझ्याभोवतीच्या तेजाचा रंग तुला कोणता दिसतो? उत्तर पटले तर आत घेत. डॉक्टर असो, पत्रकार असो, प्रश्न चुकत नसे. १९८० साली दूरचित्रवाणीवर त्या वसाहतीतल्या दारुण परिस्थितीची बातमी दाखवली गेली आणि तेव्हा बाहेरच्या जगाला बिस्पो दिसले. १९८२ साली रिओच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे काही काम मांडले गेले. पण काम आपल्यापासून दूर जाऊ द्यायला ते राजी नसत. मी कलाकार नाही, मला आज्ञा आहे म्हणून करतो, असेच ते सांगत.

ते वारल्यावर मात्र सगळे बदलले. त्याच वर्षी मोठे प्रदर्शन झाले. १९९५ साली इटलीतल्या व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलामेळ्यात ब्राझील देशाच्या वतीने बिस्पोंचे काम गेले. आज त्याच वसाहतीत त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले होते.

पण तो झगा? तो घालून त्यांना देवापुढे जायचे होते. त्यांना पुरले तेव्हा तो त्यांच्या अंगावर नव्हता. जपून ठेवला म्हणून आज आपल्याला दिसतो, हे खरे. नसता ठेवला तर मी आज हा लेख लिहू शकलो नसतो, हेही खरे. तरी माझ्या मनाला ते टोचते. मी देव मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मी मुलगा. पण मरणाऱ्याने आयुष्यभर स्वतःसाठी शिवलेला कपडा त्याच्या अंगावर घालायचा की नाही, हे दुसऱ्यांनी ठरवले. मोठ्या चांगल्या हेतूने ठरवले. त्या पोरांचा हेतू तरी कुठे वाईट होता?

आता त्या शब्दाकडे येतो. बिस्पोंसारख्यांच्या कामाला युरोप-अमेरिकेत 'आउटसायडर आर्ट' म्हणतात. म्हणजे बाहेरच्यांची कला. फ्रान्समधले चित्रकार जाँ दुब्युफे यांनी १९४५ पासून मनोरुग्णालयांतली, तुरुंगांतली, एकाकी माणसांची चित्रे जमवली आणि त्यांना 'कच्ची कला' असे नाव दिले. १९७२ साली रॉजर कार्डिनल या इंग्रज अभ्यासकाने पुस्तक लिहिले आणि हा दुसरा शब्द रूढ झाला. दोघांनीही प्रेमाने केले, ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते त्यांच्याकडे पाहिले, यात शंका नाही.

पण बाहेरचा म्हणजे कशाच्या बाहेरचा? आणि बाहेर काढला कोणी? हा प्रश्न आपल्याशिवाय दुसरे कोण विचारणार? बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी पाक्षिक काढले, त्याचे नाव 'बहिष्कृत भारत' ठेवले. तोही बाहेरचाच शब्द. पण तो आपल्या माणसाने आपल्या हाताने लिहिला होता आणि त्यात बहिष्कार घालणाऱ्यावर आरोप होता. तिकडचा शब्द आतल्या लोकांनी बाहेरच्यांच्या पाठीवर चिकटवलेला आहे, त्यात आरोप कोणावरच नाही. शिवाय बाबासाहेब त्या नावापाशी थांबले नाहीत. १९३० साली 'जनता' झाले, १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झाले. माणूस जन्मभर बहिष्कृत राहावा, त्याचे बाहेर असणे इतरांना गोड वाटावे, हे त्यांना मान्य नव्हते.

अमेरिकेतले बिल ट्रेलर आठवतात. १८५३ च्या सुमारास अलाबामात गुलाम म्हणून जन्मले. आयुष्यभर शेतात राबले आणि पंच्याऐंशीच्या पुढे, माँटगोमेरी शहराच्या रस्त्यावर बसून, टाकाऊ पुठ्ठ्यावर चित्रे काढू लागले. १९४९ साली वारले. २०२० च्या जानेवारीत त्यांचे एक चित्र लिलावात पाच लाख सात हजार डॉलरला गेले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २०१८ साली! चित्राला भाव आणि माणसाला दगडसुद्धा नाही, असे जवळपास सत्तर वर्षे चालले.

याच ब्राझीलमध्ये दुसऱ्या तऱ्हेने वागणारी एक बाई होऊन गेली. डॉ. नीझी दा सिल्व्हेरा, जन्म १९०५. वैद्यकीच्या वर्गात ती एकटी मुलगी. जवळ डाव्या विचारांची पुस्तके सापडली म्हणून १९३६ साली तुरुंगात गेली, वर्ष-दीड वर्ष आत काढले. १९४४ साली रिओमधल्या एंजेन्यो द देन्त्रो या भागातल्या सरकारी मनोरुग्णालयात पुन्हा कामावर आली, तेव्हा रुग्णाच्या डोक्याला विजेचे झटके देणे ही तिथली रोजची रीत होती. ही म्हणाली, मी ते बटण दाबणार नाही. तेव्हा वरिष्ठांनी तिला कोणाला नको असलेल्या एका विभागात टाकले, जिथे रुग्णांकडून झाडूपोछा करून घेत. १९४६ साली तिने तिथे रंग आणि कागद आणून ठेवले. चित्र काढा असा हुकूम नाही, काढू नका असाही नाही. पलीकडे एक माणूस शांतपणे बसलेला असे, एवढेच. अंगणात कुत्री-मांजरे होती, रुग्ण त्यांना जीव लावत. १९५२ साली तिने त्या चित्रांचे संग्रहालय केले. आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक कामे आहेत. ती विकायला नाहीत. एकेका माणसाची चित्रे त्याच्या नावाने, तारखेवार लावून ठेवलेली आहेत, कारण दहा वर्षांची चित्रे ओळीने पाहिली की त्याच्या मनात काय चालले होते ते कळू लागते.

तिच्याकडचा एक रुग्ण फर्नांदो दिनिझ. जन्म १९१८. आई शिवणकाम करी. श्रीमंतांच्या घरी कपडे शिवायला जाताना पोराला बरोबर नेई. पोर त्या घरांचे दिवाणखाने बघे. हुशार होता, इंजिनिअर व्हायचे होते. १९४४ साली कोपाकबानाच्या समुद्रात कपड्यांवाचून पोहला म्हणून पकडला गेला आणि इस्पितळात पोचला. १९४९ साली नीझीबाईंच्या चित्रशाळेत आला. पुढे त्याने काय काढले? ते दिवाणखाने. आधी एक खुर्ची, एक फळांची परडी, सगळे एकात एक गुंतलेले. मग हळूहळू सुटे होत गेलेले. शेवटी पियानो, पडदे, फरशी यांसह अख्खी खोली. आईचा हात धरून जी खोली त्याने दारातून पाहिली, ती त्याने कागदावर स्वतःची केली. आपल्या किती बाया पोरांना कडेवर घेऊन बंगल्यांवर कामाला जातात! ती पोरे तिथे काय काय बघत असतील?

फर्नांदो बरा होऊन घरी गेला असे मी सांगणार नाही. चित्राने आजार जात नाही. आणि आजारामुळे प्रतिभा येते ही तर शुद्ध थाप आहे. 'अशी माणसे देवाची असतात' असे लिहिणारा आणि 'पागल' लिहिणारा, दोघेही एकच गोष्ट करत असतात. समोरच्याला आपल्यापैकी धरत नाहीत. हजारो आजारी माणसांत एखादाच बिस्पो. बाकीच्यांना चित्र येत नाही, म्हणून त्यांची किंमत कमी होते काय?

आपल्या परंपरेत पटाचारा थेरीची कथा आहे. विहारात पुष्कळांनी ऐकली असेल. नवरा, दोन्ही लेकरे, आईबाप, भाऊ सगळे एका झपाट्यात गेले. तिचे भान सुटले, अंगावरचे वस्त्र गळाले, ती रस्त्यांवरून हिंडू लागली. लोक तिला ढेकळे मारत, केरकचरा फेकत. ती भगवान बुद्धांच्या सभेशी आली तेव्हा मंडळी म्हणाली, तिला इकडे येऊ देऊ नका. भगवंतांनी तिला अडवू दिले नाही. तिला बहीण म्हणून हाक मारली, भानावर यायला सांगितले, आणि सभेतल्या एका माणसाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. मंत्र नाही, अंगारा नाही. पुढे हीच पटाचारा विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये श्रेष्ठ ठरली. आज ती आपल्या चाळीत आली असती तर उपरणे टाकणारा एखादा निघाला असता, पण त्याआधी वीस मोबाइल वर झाले असते.

या भावाच्या बाबतीत तर त्याहून वाईट घडले. त्याचा आजारच असा की सगळे आपल्याला बघत आहेत असे त्याला वाटते. बहीण सहा वर्षे त्याला समजावत आली, कोणी बघत नाही रे बाबा. त्या व्हिडिओने तिला खोटे पाडले. हजारो लोक खरेच त्याला बघत होते! आता तो तिच्यावर विश्वास कसा ठेवील?

मोबाइलला शिव्या देऊन मी मोकळा होणार नाही. बिस्पोंचा झगा मला दाखवला तो नातीने, याच मोबाइलवर. दोन बोटांनी चित्र मोठे करून तिने एकेक अक्षर दाखवले. पण त्या चित्राखाली 'ब्राझीलचा पागल' असे लिहिलेले नव्हते. माणसाचे पूर्ण नाव होते.

कायदाही माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे मानसिक आजारावर एखाद्या संस्थेत उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही, आणि गुप्ततेचा हा हक्क संगणकात, मोबाइलमध्ये साठवलेल्या माहितीलाही लागू आहे. कलम ३ सांगते की एखाद्याची सामाजिक-आर्थिक स्थिती, त्याचा धर्म, वंश किंवा तो चारचौघांसारखा वागत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. फर्नांदोच्या काळी तिकडे असा कायदा असता तर!

आणि उपचार. भगिनींच्या एका मावशीने कुठल्याशा भगताचा पत्ता दिला आहे. त्या दारात जाऊ नये. औषध मध्येच सोडल्याने त्रास उलटतो, हे या घराने दोनदा अनुभवले आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयातही तपासणी होते. १४४१६ हा 'टेली-मानस'चा फुकट नंबर आहे. रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. घरच्यांनीही त्यावर बोलावे, सांभाळणारा माणूसही थकतो.

हे सगळे मी मोठ्या शहाणपणाने लिहितो आहे, पण माझा स्वतःचा हिशेब कसा आहे तेही सांगायला हवे. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, गिरणीत सूतकताई खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी त्यांच्यापुरती पुन्हा उघडलीच नाही. दोन वर्षांनी ते गप्प झाले. मग वह्यांत काढू लागले. चात्या, पट्टे, बॉबिन, खात्यातली माणसे, आणि पानापानांवर पाळीच्या वेळा. सात वर्षांत अकरा वह्या भरल्या. घरात कोणी हसले नाही, कोणी विचारलेही नाही. त्यांना डॉक्टरकडे न्यावे हे कोणाला सुचले नाही. मी तेव्हा शिक्षक होतो, मलाही नाही. १९९१ साली ते गेले. खोली लहान, वह्या ठेवायच्या कुठे? मी स्वतः त्या उचलून रद्दीवाल्याकडे दिल्या आणि आलेल्या पैशांतून त्यांच्याच पुण्यानुमोदनासाठी मेणबत्त्या आणि अगरबत्ती आणली. नाना मोठे कलावंत होते असा माझा दावा नाही. ते काय होते हे कळायची सोय मीच ठेवली नाही.

असो. त्या भगिनीकडे मी पुढच्या रविवारी गेलो. जाताना त्या दोन पोरांनाही बरोबर घेतले. वाईट नाहीत, माझ्याच हाताखाली एकाची आई शिकली आहे. भावाला मी सरळ विचारले, "तुझा व्हिडिओ यांनी काढलाय, तो ठेवायचा की काढायचा?" बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "त्यात माझं नाव आहे का?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिले. नाव नव्हते.

"मग तो माझा नाही," तो म्हणाला. "काढा."

पोरांनी तिथल्या तिथे काढला. पण इकडून तिकडे गेलेल्या प्रती अजून फिरत आहेत, त्या परत येत नाहीत. भगिनींना मी सांगितले की काढ म्हणू नका, काढू नको म्हणू नका, काढलेले टाकू नका, मागायला आलेल्याला त्याला विचारल्यावाचून देऊ नका. मागे तारीख तेवढी घाला. जुने पुठ्ठे त्यांनी पलंगाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ठेवले आहेत. सत्तावीस आहेत. आकडे कसले आहेत ते तिने त्याला पहिल्यांदाच विचारले. कुरियरमध्ये असताना ज्या घरांना पार्सल दिले त्यांचे खोलीनंबर आहेत म्हणाला.

परवा विहारात भेटल्या. औषध चालू आहे. झोप लागते. शेजारच्या दुकानातून दोन खोकी मागून आणली आहेत त्याने. अजून काढलेले काही नाही.

— गुरुजी